गारा कुठे पडल्या

९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. यजमानांचा गुडघा पुन्हा डोकं वर काढतोय हे वाचून वाईट वाटलं. त्यांना म्हणावं, जिने कमी करा आणि गप्पा वाढवा. गप्पांना गुडघा लागत नाही.

इकडची बातमी मात्र बरी नाही. मंगळवारी दुपारी गारपीट झाली. लिंबाएवढ्या गारा. गाडी दारातच उभी होती. मागची काच फुटून सगळी सीटवर सांडली. टप, बॉनेट, डिकी, कुठे म्हणून बोट ठेवायला सपाट जागा उरली नाही. गाडीला देवी आल्यात असं वाटतं. मला काही झालेलं नाही, फक्त काचा गोळा करताना हाताला जरा कापलं.

आपले नेहमीचे गॅरेजवाले मिस्त्री बघून गेले. पत्रा वरून ठोकायचा नाही म्हणाले. आतून सळई घालून एकेक खळगा हळूहळू वर उचलायचा, म्हणजे रंग शाबूत राहतो. काम वेळ खाणारं आहे. पण विमा चालू आहे, मी एकही हप्ता चुकवलेला नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही. फॉर्म भरून दिलाय. सर्व्हेअर येईल आणि बघून जाईल.

बाकी ठीक. घर शांत असतं. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
दादा


१५ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हातावर नजर गेली. कापलंय म्हणजे किती कापलंय? मी हॉस्पिटलात जन्म घालवलाय, ‘जरा कापलं’ म्हणणारे पुरुष टाके घालायला येतात हे मला पाठ आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का, ते पहिल्या ओळीत लिही.

गाडीचं होईल. ती तशीही आता तुझ्यासारखीच झालीय, आवाज जास्त आणि वेग कमी. हे म्हणतात, विकून टाकायला सांग. मी म्हटलं, माझा भाऊ एक वेळ घर विकेल.

आता जे लिहिते त्यावर रागावू नकोस. चिंगीला कळवलंस का? एका गावात राहता तुम्ही बापलेक, मध्ये एक नदी काय ती. वहिनीला शेवटी घरी यायचं होतं, तू आणखी एका ऑपरेशनचा हट्ट धरलास, आणि ती हॉस्पिटलातच गेली. चिंगी सगळ्यांदेखत म्हणाली की तुम्ही माझ्या आईला घरी मरूही दिलं नाहीत. फार लागेलसं बोलली. तूही तिला सांगितलंस, पुन्हा तोंड दाखवू नकोस. दोघांच्याही अंगात वहिनी जाण्याचं दुःख होतं, दादा. आता तरी एक चिठ्ठी टाक तिला.

पत्राची वाट बघते. माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


२४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

इंजेक्शन घेतलं. झालं समाधान?

सर्व्हेअर येऊन गेला. तरुण आहे, बोलायला नम्र. गाडीचे फोटो काढले, खळग्यांवर खडूने खुणा केल्या. मग गाडी सोडून गल्लीच बघत बसला. शेजारच्या शेडवर पातळ प्लॅस्टिकचा पत्रा आहे, तो धडधाकट. समोरच्यांच्या कुंड्यांतलं एक पान फाटलेलं नाही. त्यांची गाडीही बाहेरच असते, तिच्यावर ओरखडा नाही. त्याने मला शांतपणे विचारलं की गाडी नक्की इथेच होती का. मी हो म्हणालो. तो म्हणाला, काका, गारा नदीच्या पलीकडे पडल्या, अलीकडे नुसता वारा होता, या बाजूचा तुमचा एकच क्लेम आहे. पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हणालो.

काल कंपनीचं पत्र आलं. दिलेली माहिती खोटी दिसते, गाडी कुठे होती याचा पुरावा द्या, नाहीतर क्लेम बंद करू. जन्मभर मी नकाशे काढले. माझ्या रेघेवर लोकांनी पूल बांधले. आजवर मला कोणी खोटारडा म्हटलेलं नाही.

त्यांना काय उत्तर द्यावं हे सुचत नाही. राहू दे गाडी तशीच, असंही वाटतं. जेवणावर वासना नाही.

चिंगीचा विषय पुन्हा काढू नकोस, एवढं ऐक.

तुझा,
दादा


२६ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न.

आत्या, खूप दिवसांनी लिहितेय. तुला एक विचारायचंय. बाबा बरे आहेत ना? त्यांना काही लागलं तर नाही?

गेल्या पावसाळ्यापासून ते इथे यायचे. घरी नाही. माझ्या घरासमोर मोकळा प्लॉट आहे, त्याच्या कडेला गाडी लावून बसायचे. मी कामावरून यायचे, सायकल लावायचे, कुलूप काढायचे, दिवा लावायचे. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज यायचा. मी पहिल्याच दिवशी गाडी ओळखली. बाहेर जावं असं शंभरदा वाटलं. पण मी गेले तर ते यायचे बंद होतील, अशी भीती होती. म्हणून काही माहीतच नाही असं दाखवत राहिले. नंतर नंतर तर मी कुलूप काढायला मुद्दाम वेळ लावायचे.

त्या मंगळवारी मला सुट्टी होती, आणि गारा सुरू झाल्या. खिडकीतून बघते तर गाडी प्लॉटजवळ. मागची काच फुटलेली मला इथून दिसली. मग काही विचार केला नाही. कपड्यांचा टब डोक्यावर उलटा धरला आणि पळाले. टबावर असा दणदणाट चालला होता की मी काय ओरडत होते ते मलाच कळेना. काचेवर हात मारला. आत बाबा डोकं हातांत धरून बसले होते. हाताला रक्त होतं. त्यांनी वर बघितलं. मी दार उघडायला गेले, आणि त्यांनी गाडी सुरू केली आणि निघून गेले, आत्या. तशाच गारांत.

मी टब घेऊन रस्त्यावर उभी राहिले. तेव्हापासून ते आलेले नाहीत. जे व्हायला नको म्हणून मी इतके दिवस दाराआड थांबले, तेच झालं.

मी लिहिलंय हे त्यांना सांगायचं की नाही ते तूच ठरव. काकांना नमस्कार. मला विसरू नकोस.

तुझी,
चिंगी


३१ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालास विषय काढू नकोस. मी ऐकत नाही.

चिंगीचं पत्र आलं. त्या दिवशी तू कुठे होतास ते मला आता ठाऊक आहे. तुला कोणी हसत नाहीये. पण कंपनीने तुला जे म्हटलं ते खोटं नव्हतं, दादा, आणि त्याचाच तुला जास्त त्रास होतोय हे मला इथे बसून कळतं.

पोरीने विचारलंय, बाबांना लागलं तर नाही ना. बाकी एक शब्द तक्रारीचा नाही. तू येतोस हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तू यायचा थांबशील म्हणून ती बाहेर येत नव्हती.

तुला पुरावा हवाय ना? गाडी तिथे होती हे सांगणारं माणूस जगात एकच आहे. जा आणि तिच्याकडे माग. निमित्त मिळालंय तर ते फुकट घालवू नकोस. मी यात मध्ये पडणार नाही, तिला काही कळवणार नाही. तुझं तूच जायचं.

पत्र कडक झालंय. मायेनेच लिहिलंय असं समज.

तुझी,
धाकटी


१८ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घालून बरेच दिवस हिंडलो. शेवटी गेलो. मिस्त्रींनी मागच्या काचेच्या जागी प्लॅस्टिक लावून दिलंय, ते वाऱ्याने इतकं फडफडतं की रस्त्यातली माणसं वळून बघतात. चोरून बसायची सोयच उरली नव्हती. चिंगी दारातच उभी होती. मी पायरीखालूनच म्हणालो, कामासाठी आलोय, विम्याच्या ऑफिसात साक्ष हवी आहे. तिने एवढंच विचारलं की कधी जायचं. आत ये म्हणाली नाही, मीही सरकलो नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो. टेबलापलीकडे तोच सर्व्हेअर आणि त्याच्या वरच्या बाई. त्यांनी विचारलं, नदीपलीकडे तुम्ही काय करत होता? चिंगी म्हणाली, ते मला बघायला आले होते, मी त्यांची मुलगी. मग बाईंनी विचारलं की असं असताना फॉर्मवर घरचा पत्ता का लिहिला. त्याचं उत्तर मात्र तिला देता येणार नव्हतं. मीच सांगितलं. म्हटलं, मुलीच्या दारापर्यंत जाऊन आत न जाणारा बाप आहे मी, हे लिहायची लाज वाटली. सर्व्हेअरने आपले कागद सारखे केले.

क्लेम नामंजूर झाला आहे. काल पत्र आलं. गारा खऱ्या होत्या, पण आधी लेखी खोटं दिलं, त्याला नियम आहे. त्यांचं चुकलं नाही आणि मी भांडणार नाही. आधी काच बसवून घेईन, मग बॉनेट. टप राहील तसाच.

पण ऑफिसातून परततानाचं तुला सांगायचंय. चिंगी शेजारी बसली होती. पुलावर तिने काहीतरी म्हटलं. प्लॅस्टिकच्या आवाजात मला एक शब्द कळला नाही. इतक्या दिवसांनी पोर आपणहून बोलली आणि ते वाऱ्यावर गेलं. मी पूल उतरून गाडी कडेला घेतली, बंद केली आणि म्हणालो, पुन्हा सांग.

ती समोर बघत होती. म्हणाली, हॉस्पिटलात मी जे बोलले ते मला अजूनही खरं वाटतं बाबा, ते मी मागे घेणार नाही. पण तुम्ही येत जा. आणि आत येत जा.

मला काहीतरी बोलायचं होतं. तुझ्या वहिनीला घरी न्यायला मी का घाबरत होतो, तेही सांगायचं होतं. मान तेवढी हलवली. किल्ली लगेच फिरवली नाही. तिने घाई केली नाही. बसून राहिली.

रविवारी गेलो होतो. गाडी प्लॉटपाशी लावली नाही, तिच्या दारात लावली. चहा तिने पहिल्यासारखाच कडू केला होता. दोन कप प्यालो.

यजमानांना नमस्कार. तुझा धाक असाच राहू दे.

तुझा,
दादा