लांडग्याची बोरं, हजार कोसांपलीकडे वर्ज्य

मलकपेठ, हैदराबाद
श्रावणी सोमवार, १० ऑगस्ट १९९८

तीर्थरूप कुसुमताईस,

धाकट्या एकनाथचा नांदेडच्या दिशेने वाकून नमस्कार. (आमच्या न्हाणीघराच्या बाजूला नांदेड येतं असा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर वाटेतल्या कुणाला तरी फुकटचा नमस्कार घडला, तेवढंच पुण्य.) तुझी कंबर आता बरी असेल, प्रशांतची बदली टळली असेल आणि सूनबाई तुझ्या चहात साखर मोजूनच घालत असेल, असं धरून चालतो. इकडचं विचारशील तर उत्तम आहे. मी अगदी मजेत आहे. माणसांची एवढी ये-जा असते की पत्राला बसायला सवड मिळत नाही. (ही ये-जा रेसकोर्सवर जाणाऱ्यांची असते आणि ती आमच्या फाटकावरून तशीच पुढे जाते. पण ये-जा ती ये-जाच.) फोन का केला नाहीस म्हणून रागावू नकोस. तुमच्याकडचा फोन प्रशांत उचलतो, आणि मला जे सांगायचं आहे ते भाच्याच्या कानावर घालण्यासारखं नाही. का नाही, ते पुढे कळेलच.

आपल्या अरविंदला सिंगापूरला जाऊन अडीच वर्षं झाली. सन दोन हजार उजाडलं की जगातली सगळी कॉम्प्युटरं तारीख विसरणार आहेत म्हणे, त्यांना ती विसरू न देण्याचं काम त्याच्याकडे आहे. (यंत्रांच्या तारखा सांभाळणारा हा मुलगा आईच्या वर्षश्राद्धाची तिथी मला फोन करून विचारतो. पण विचारतो, हे काय कमी आहे?) त्याने जूनमध्ये तिकडून परत येणाऱ्या एका मित्राबरोबर माझ्यासाठी डबा पाठवला. मित्राचं नाव निखिल, मूळ पुण्याचा, राहायला कुकटपल्लीला. मलकपेठेहून कुकटपल्ली म्हणजे दोन बस, एक भांडण आणि अर्धा दिवस. मी दोन वाक्यं बोललो तशी त्याची बायको कौतुकाने म्हणाली, काका, हैदराबादचे असून किती छान मराठी बोलता तुम्ही! आता हिला काय सांगावं? आपले पणजोबा निजामाच्या दफ्तरात मोडी खरडत होते, हे सांगायचं तर परतीची बसही चुकली असती. मी थँक्यू म्हणालो आणि डबा काखेत मारून घरी आलो.

डब्यावर सगळी चिनी अक्षरं, गाल फुगवून हसणाऱ्या एका म्हाताऱ्याचं चित्र, आणि इंग्रजीत एकच शब्द, वुल्फबेरी. म्हणजे लांडग्याचं बोर. आत लाल, सुरकुतलेली, मनुक्याहून बारीक फळं आणि एक चिनी कागद. अरविंदची चिठ्ठी दीड ओळीची: बाबा, तब्येतीला चांगलं असतं. खा. आता तूच सांग, ज्याने वीज खात्यात चौतीस वर्षं नियम दाखवल्याशिवाय दिव्याचा खांब हलू दिला नाही, त्याने नुसत्या 'खा'वर काय खायचं? किती खायचं, कशाबरोबर, जेवणाआधी की नंतर? उपासाला चालतं का? पंचांगात रताळ्यापासून शिंगाड्यापर्यंत सगळ्यांची सोय आहे, लांडग्याच्या बोराचा उल्लेख नाही. सरकारने बाजार खुला केल्यापासून हे असंच चाललंय. जगभरातून वस्तू येतात, पण ती कशी वापरायची हे सांगणारं माणूस बरोबर येत नाही.

पहिल्या दिवशी मी ती मिरचीची जात समजून वरणाच्या फोडणीत टाकली. वरण गोड झालं. दुसऱ्या दिवशी सुकामेवा समजून रात्रभर दुधात भिजवली, तर दुधाचा रंग जो झाला तो मी तुला सांगणार नाही, मांजरही मागे सरकलं. शेवटी शेजारच्या अप्पारावांना (तेच, ज्यांनी गच्चीवर परदेशी चॅनेलांची थाळी बसवलीय आणि तेव्हापासून जे आमच्याकडे पत्ते खेळायला येत नाहीत) चार दाणे दाखवले. ते बराच वेळ चावून म्हणाले, "एमंडी एकनाथरावगारू, ये तो किसमिस का गरीब भाई है!" एवढं बोलून ते मालिका सुरू होईल म्हणून निघून गेले. त्रिवेणी असती तर तिने पहिल्याच दिवशी एक दाणा जिभेवर ठेवून लाडवात घालायचं की लोणच्यात, याचा निकाल लावला असता. मला एकट्याला निकाल लावता येत नाही, हे ती गेल्यापासूनच्या पाच वर्षांत मला पुरतं कळलेलं आहे.

तेव्हा मी कागद घेऊन जामबागेत गेलो. तिथे डॉक्टर ल्यू म्हणून चिनी दंतवैद्य आहेत. आजोबांपासून इथलेच, बोली माझ्याहून अस्सल हैदराबादी. मी कागद पुढे केला तर म्हणाले, "मेरेकू चीनी पढ़ना नै आता साब, अम्मा कू आता. अम्मा नीचे आते तक मुँह तो खोलो." खुर्चीत बसलेल्या माणसाने तोंड उघडायचं असतं आणि दंतवैद्याने उघड्या तोंडात काहीतरी शोधायचं असतं, यात दोष कुणाचाच नाही. खालची दाढ किडलेली निघाली. थोडक्यात, मी कागद वाचून घ्यायला गेलो आणि दाढ देऊन बसलो. अम्मा खाली आल्या तेव्हा माझ्या तोंडात कापसाचा एवढा मोठा बोळा होता. पुढचा सगळा अनर्थ त्या बोळ्याने केला, हे ध्यानात ठेव.

अम्मा ऐंशीच्या पुढच्या, बुटक्या आणि तुरतुरीत. त्यांनी कागद डोळ्यांना चिकटवून एकेक ओळ वाचली आणि दखनीत समजावून दिली. त्यांच्या वैद्यकात म्हणे डोळ्यांची दोरी यकृताला बांधलेली असते. यकृत आणि मूत्रपिंड आतून सुकायला लागली की डोळ्यांपुढे अंधारी येते, कंबर धरते, चक्कर येते, कोरडा खोकला लागतो. हे फळ त्यांना ओलावा देतं. रोज दोन चमचे पुरेत. तांदळाच्या पेजेत शिजवावं, कोंबडीच्या रश्शात सोडावं (हे मी ऐकलं नाही असं धर), नाहीतर शेवंतीच्या फुलांबरोबर गरम पाण्यात घालून चहासारखं प्यावं. ताप असताना नको, पोट बिघडलेलं असताना नको. मला फार बरं वाटलं. असा नियम हवा. मग त्या शेवटच्या ओळीवर आल्या, थबकल्या, तोंडावर हात धरून खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "बड़े लोगाँ बोलते, घर से हज़ार कोस दूर है सो आदमी कू ये नक्को खिलाओ." का नक्को, हे मला विचारायचं होतं. पण बोळ्यातून नुसतं 'हूं हूं' निघालं, आणि अम्मांना वाटलं, साहेबांना समजलं.

मला समजलंच होतं, ताई. निदान बसमध्ये बसेपर्यंत माझी खात्री पटली होती. घरापासून दूर असलेल्या माणसाला जे देऊ नये, ते खाल्ल्याने दुसरं काय होणार? घराची आठवण येत असणार! माणूस व्याकूळ होऊन कामधंदा टाकून परत येत असणार, म्हणून चिनी वडीलधाऱ्यांनी बजावून ठेवलं. घरी येऊन मी अरविंदचा शाळेतला नकाशा काढला आणि दोरा लावून मोजलं. हैदराबाद ते सिंगापूर दोन हजार मैल, म्हणजे नेमके हजार कोस! मग तर सगळं लख्ख दिसायला लागलं. पोराने डबा स्वतःसाठी घेतला असणार, कुणीतरी त्याला नियम सांगितला असणार, आणि आठवण येईल या धास्तीने त्याने तो माझ्याकडे लावून दिला असणार. (मी रोज दहा दाणे खात होतोच. घरात बसलेल्या माणसाला घराची आठवण येते का? मला येते. पण ती आधीपासून येते, त्याचं श्रेय लांडग्याला देता येत नाही.)

पुढे मी जे केलं ते बापाच्या काळजाने केलं, एवढं मनात धरून वाच. तीन वाट्या बोरं मोजून घेतली, त्रिवेणीच्या जुन्या पांढऱ्या परकराच्या कापडात शिवली, तू आम्हाला कुरडयांचं पार्सल शिवायचीस तश्शी दुहेरी टीप घालून, आणि वर लाखेचे ठिपके दिले. आत चिनी कागद ठेवला आणि अम्मांनी बोट ठेवलेल्या शेवटच्या ओळीखाली लाल पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. सोबत चिठ्ठी लिहिली, ती मला तोंडपाठ आहे: चि. अरविंद, ही तू मला कशासाठी पाठवलीस ते समजलं. तुला याची माझ्यापेक्षा जास्त गरज आहे. रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता खा. तुझ्या वयात लाजण्यासारखं काही नाही. मन अनावर झालं तर दाबून ठेवू नकोस, लगेच फोन कर. तुझा बाप.

पार्सल गेलं. मी कॅलेंडरवर दिवस मोजायला लागलो. त्याच्या खोलीतली गादी उन्हात घातली, पंख्याला तेल दिलं, जामबागेत जाऊन त्याच्या आवडीचे पोहे आणून ठेवले. बारा दिवसांनी दाढेची जागा दाखवायला डॉक्टर ल्यूंकडे गेलो, या वेळी तोंड मोकळं होतं, म्हणून सगळी युक्ती अभिमानाने सांगितली. त्यांनी हातातली हत्यारं खाली ठेवली. अम्मांना हाक मारली. दोघांचं चिनीत काहीतरी झालं आणि अम्मा भिंतीला धरून हसायला लागल्या. मग डॉक्टर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "साब, वो याद-वाद के वास्ते नै. बीवी से दूर है सो मरद कू नै खिलाते, बोलके है वो. जोश चढ़ता." ताई, मी अठ्ठावन्न पुरी केलेला माणूस, त्या खुर्चीत माझे कान एवढे तापले की डॉक्टरांनी ताप आहे का म्हणून विचारलं. एकतीस वर्षांच्या बिनलग्नाच्या पोराला बापाने जोशाचं औषध पाठवलं, रोज सकाळ-संध्याकाळ! आणि वर 'लाजण्यासारखं काही नाही'! तसाच पोस्टात धावलो. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की पार्सल केव्हाच समुद्रापार गेलं.

दोन तारखेच्या रविवारी अरविंदचा फोन आला. त्याच्या ऑफिसात चिनी पोरं-पोरी पुष्कळ. पार्सल तिथेच उघडलं आणि लाल रेघांची ओळ एका मुलीने मोठ्याने वाचून दाखवली. तो सांगता सांगता इतका हसला, इतका हसला की बोलताच येईना. मला वाटलं होतं की लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होईल, पण तसं काही झालं नाही. अडीच वर्षांत तो माझ्याशी असा हसला नव्हता, मी कानाला रिसीव्हर दाबून नुसता ऐकत बसलो. मग त्याने विचारलं, पण बाबा, पाठवलीत कशाला? तुला घराची आठवण यावी म्हणून, एवढं सांगायचं होतं. तोंडात बोळाही नव्हता. पण मी म्हणालो, डबा मोठा होता रे, एकट्याला संपेना.

तर अशी ही लांडग्याची गंमत. उरलेली मूठभर बोरं मी पेजेत घालून खातो. डोळ्यांना फरक आहे असं वाटतं, निदान अप्पारावांच्या गच्चीवरची थाळी पूर्वीपेक्षा मोठी दिसते. घरातल्या थोरांना नमस्कार, पोरांच्या पाठीवर माझ्या वतीने एकेक धपाटा. कंबर सांभाळ.

तुझा,
एकनाथ

ता. क. पत्र तुझ्या चष्म्याने तूच वाच. प्रशांतला वाचायला दिलंस तर तो ते सासुरवाडीपर्यंत पोचवेल.

ता. क. वर एक गोष्ट लिहायची राहिली. हसून झाल्यावर अरविंद म्हणाला की त्याला तिथे कायमचं राहायची परवानगी मिळाली, कागद हातात आले. बराच काळ सांगू सांगू म्हणत होता, धीर होत नव्हता, आज हसण्याच्या भरात निघालं. मी छान झालं म्हणालो. दोनदा म्हणालो. गादी अजून उन्हातच पडलीय.

ता. क. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ही बातमी त्याची सांगून झाली. मग म्हणाला, पण बाबा, तुम्ही एकटे कसे राहणार? लहानपणी गुडघा फोडून घेऊन यायचा ना, तेव्हाचा आवाज. मला ऐकवेना. मी सांगून टाकलं, मी एकटा कुठे आहे, कुसुमआत्या कायमची राहायला आलीय की! त्याने जो सुस्कारा सोडला तो मला इथे ऐकू आला. म्हणाला, द्या आत्याला फोन. मी म्हटलं, देवळात गेलीय. काल पुन्हा फोन आला, तेव्हा तुला अंघोळीला धाडलं. (परदेशच्या फोनवर तो तुझी अंघोळ संपायची वाट बघत थांबला होता. शेवटी मीच सांगितलं की तू केस धुतेयस.) येत्या रविवारी सकाळी अकराला तो फोन करणार आहे आणि आत्याला आधीच फोनजवळ बसवून ठेवा, असं बजावलंय. ताई, शनिवारच्या गाडीने निघ. मी काचीगुड्याला घ्यायला येतो. एका रविवारापुरती आलीस तरी चालेल असं लिहिणार होतो, पण ते चालणार नाही. तो त्याच्या पुढच्या रविवारीही फोन करणारच.