मधली परात

आई, कारखान्यातली मधली परात काढून टाकली. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी हे सांगायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही. आपण दहा-बारा जणी गोल बसायचो, सुरीने काजूगरांची साल काढायचो, आणि जो गर फुटेल तो मधल्या परातीत जायचा. कुणाच्या हातून फुटला, कुणी विचारत नसे. पहिल्याच दिवशी मी दोन फुटके गर ओच्यात लपवले, तर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "फुटला ता फुटला गे. लपयतस कित्याक? घाल परातीत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आता मालकाच्या मुलाने प्रत्येकीला नंबर घातलेला ट्रे दिलाय. संध्याकाळी जिचे-तिचे तुकडे वजन करून फळ्यावर लिहितात. सलग महिनाभर जिचे जास्त, तिला घरी बसवतात. तेव्हापासून कुणी गप्पा मारत नाही, नव्या बाईला कुणी काही शिकवत नाही. माझी बोटं आखडलीत, त्यात ही धास्ती, त्यामुळे सुरी जास्तच घसरते. वीस वर्षांत फुटले नाहीत एवढे गर मी या पावसाळ्यात फोडले असतील.

माझ्या शेजारी ती बेळगावची बसते. म्हणजे बसायची. नवीन लग्न होऊन आली तेव्हा तूच तिला सुरी धरायला शिकवलंस, आपल्या घरी बसवून पेज वाढलीस. ती चहाला उठली की मी माझे मूठभर तुकडे तिच्या ट्रेमध्ये सरकवायचे. पहिल्यांदा चारदा मागे वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

"अक्का, माझ्या ट्रेत एवढे तुकडे कुठनं येतात हो?" तिने एकदा विचारलं.

"यंदा काजूची बी सुकी आहे," मी म्हटलं.

गेल्या शनिवारी तिला घरी बसवलं. निघताना तिने माझी बोटं हातात घेऊन चोळली. "खोबरेल कोमट करून लावत जावा, अक्का, बरं वाटंल," म्हणाली. मी बरं म्हटलं. सोमवारी तिच्या जागी दुसरी आली, आणि चहाच्या वेळेला माझी नजर आपोआप तिच्या ट्रेकडे गेली.

तुझ्या पोटी जन्मून मी अशी झाले, आई. हे खरं तर तिला लिहायला हवं होतं. तिच्या गावचा पत्ता माझ्याकडे आहे. तुझा नाही, म्हणून तुला लिहिलं.