डाव्या कोपऱ्यातला हात

सर,

आमच्या मुलींना पकडता येत नव्हतं, तिथूनच सांगते. चढाईला माझ्याकडे दोघी अशा आहेत की त्या मध्यरेषा ओलांडून गेल्या की समोरच्यांची तारांबळ उडते. पण पकडीच्या नावानं नुसती बोंब. समोरची मुलगी आमच्या हद्दीत यायची, हवं तिला शिवायची आणि माहेरपणाला आल्यासारखी निवांत परत जायची. ज्या अंबाजोगाईत तुम्ही मला कबड्डी शिकवलीत तिथेच मी आता एका कॉलेजात खेळाची मॅडम आहे, आणि लागोपाठ सामने हरल्यावर आमच्या प्राचार्यांनी मला व्हरांड्यात गाठून विचारलं, "मॅडम, ह्या मुली पकडतात की नुसता नमस्कार करतात?" मी हसले, आणि आत जाऊन रडले. रडायला मला फार वेळ लागत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही गेल्यावर कबड्डी मातीवरून मॅटवर आली, पायात बूट आले, मुली मोबाईलवर सामने बघून 'डॅश' नि 'सुपर टॅकल' असलं काय काय बोलायला लागल्या. बोलण्यात सगळ्या पटाईत. पकडायची वेळ आली की हातात हात धरलेली साखळी तुटलीच.

तुटायची ती एकाच जागी, डाव्या कोपऱ्यात. तिथे युसूफ वडगावची एक मुलगी उभी राहते आणि तिचा हात धरून तिच्या शेजारी चौसाळ्याची. मी मुलींना गावाच्या नावानंच हाक मारते, ही खोड तुमचीच. चौसाळ्याच्या मुलीच्या वडलांचं हायवेला दुकान आहे, पोरगी बिनधास्त आणि तोंडाळ. "मॅडम, ही हातच सोडती. मी एकटी काय करू?" असं ती दर सामन्यानंतर सगळ्यांसमोर म्हणायची आणि वडगावची मान खाली घालून उभी. मी ओरडून पाहिलं, मैदानाला चकरा मारायला लावल्या, कोपरा बदलून पाहिला. मग एका सकाळी तिला बाजूला घेऊन विचारलं, "कावून सोडतीस गं? भ्या वाटतं का त्या चढाईवालीचं?" ती म्हणाली, "तिचं न्हाई वाटत मॅडम. शेजारचीचा हात हालला की आंग आपोआप बाजूला सरकतं. मी न्हाई सरकत, आंगच सरकतं."

मला पुढं काही विचारावं लागलं नाही. ती दरवर्षी दिवाळीनंतर आईवडलांबरोबर ऊस तोडायला जाते, आणि मीही सातवीपर्यंत गेलेली आहे. फडात प्रत्येकाची आपापली पात, म्हणजे तोडायची ओळ, असते. डाव्या हातानं ऊस धरायचा, उजव्या हातातला कोयता बुडात घालायचा, आणि शेजारच्याचा कोयता फिरतो तिथवर चुकूनही जायचं नाही. मी चार पावलं जवळ गेले की आई ऊस सोडून किंचाळायची, "लांब हो! आदी लांब हो!" तिच्या नडगीवर व्रण होता, तो माझ्या मामाच्या कोयत्याचा. त्यात त्याचा काही दोष नव्हता, ती जवळ गेली एवढंच. अशा ठिकाणी वाढलेल्या पोरीला शेजारी हात हलताना दिसला की अंग चोरणं हे शहाणपण असतं. आणि मी तिला त्याच शहाणपणासाठी चकरा मारायला लावत होते.

पण फडात एक जागा अशीही असते जिथे दोघांना जवळ यावंच लागतं. ट्रक भरताना लावतात ती फळी. डोक्यावर मोळी, पुढे वडील आणि मागे आई, फळी खाली दबते आणि वर येते, आणि तिच्या त्या हेलकाव्यावर दोघांचं पाऊल पडतं. एकानं घाई केली की दुसरा गेलाच. तेव्हा आमच्या नव्या इमारतीचं काम चालू होतं. मी मिस्त्रीकडून एक लांब फळी मागून आणली, दोन्ही टोकांना विटा लावल्या आणि जोड्याजोड्यांनी मुलींना हात धरून त्यावरून चालायला लावलं. आधी खूप हशा झाला. चौसाळ्याची तर रोज पडायची, तिला फळीची सवय कुठली! वडगावची मात्र पहिल्याच दिवशी डोळे मिटून गेली पलीकडे, आणि मागे वळून शेजारणीला म्हणाली, "माझ्याकडं नको बगू, फळीकडं ध्यान दे." सर, ती पोरगी त्या मैदानावर पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. मग आम्ही तोच हेलकावा मॅटवर आणला. हातातून हाताला कळायला लागलं, आता पुढे, आता मागे. साखळी तुटायची थांबली, आम्ही जिंकायला लागलो, आणि प्राचार्य मला व्हरांड्यात गाठून चहा विचारायला लागले.

माझा आनंद फार दिवस टिकला नाही. एका सरावाच्या सामन्यात समोरची दांडगी मुलगी दोघींच्या मधून मुसंडी मारून निघाली. अशा वेळी हात सोडायचा असतो, सोडून घोट्यावर झेप घ्यायची असते. वडगावच्या मुलीनं सोडला नाही. मी तिला सोडायचं नाही एवढंच शिकवलं होतं ना! तिचा दंड मागे ओढला गेला, ती ओरडलीसुद्धा नाही, फक्त बसली आणि खांद्याला हात लावून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, खांदा निखळता निखळता राहिलाय. विश्रांतीनंतर खेळू द्या, पण पुन्हा असा झटका बसला तर निखळेल आणि मग सारखा निखळत राहील.

तिचे वडील भेटायला आले. साधा माणूस, बोलणं गोड. म्हणाले, "खेळू द्या मॅडम, आमची काय आडकाठी न्हाई. पण हातपाय शाबूत ठिवा पोरीचे. दिवाळीच्या आत हिचं जमवायचंय. पावण्यांकडं पोरगा एकटा हाय, त्येचा कोयता अर्धा पडतोय." तुम्हाला सांगायला नको, आमच्याकडे कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. बायको नसेल तर मुकादम त्याला अर्धा धरतो. पोरीच्या लग्नाचं कारण त्यांनी हवापाण्यावर बोलावं तसं सांगितलं. मी चहा पुढे केला. पोरगी विद्यापीठाच्या संघात गेली तर लग्न निदान एक हंगाम तरी पुढे जाईल, पुढे पोलीस भरतीला खेळाचं प्रमाणपत्र कामी येईल. आणि खांदा गेला तर भरतीही गेली, आणि अधू खांद्यानं फडात मोळी उचलायची वेळ आली. मला दोन्हीकडून भीती, आणि ती कुणापुढे बोलावी असं माणूस नाही.

त्या दिवसांत मला तुमच्या स्वयंपाकघराची फार आठवण यायची. मी अकरावीत आहे, माझं मनगट सुजलंय, मी पकड सोडली नाही म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात आणि तुम्ही मला थेट घरी घेऊन आलाय. तुम्ही एकटेच राहायचात. हळद गरम करून माझ्या मनगटाला लावलीत आणि पीठ मळायला बसलात. मग परातीत बघतच म्हणालात, "पकड सुटली तर एक गुन जातो, पोरी. मनगट गेलं तर भाकर कशी थापशील?" माझ्या अंगाचा भडका उडाला. वाटलं, हेही शेवटी तसलेच, मुलगी म्हटलं की भाकरी. मी रागानं वर बघितलं तर तुम्ही भाकरी थापत होता. तुमचं डावं मनगट वळत नव्हतं. भाकरी एका बाजूनं पातळ आणि एका बाजूनं जाड होत होती, आणि तव्यावर टाकताना तुम्ही ती दोन्ही तळव्यांवर तोलून कशीबशी टाकलीत. तुम्ही माझ्याबद्दल बोलतच नव्हता, सर. जाड बाजू कच्ची राहिली होती. मी सगळी खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला सोडायला शिकवलंत.

तेच मी विसरले होते, म्हणून आता, विद्यापीठाचा संघ निवडतात त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आधी, आम्ही फक्त सोडायचा सराव केला. समोरचीचं वजन पुढच्या पायावर आलं की शेजारणीचा हात सोडायचा आणि दोन्ही हातांनी घोटा धरायचा. क्षणभर आधी सोडला तर ती निसटते, क्षणभर उशीर झाला तर खांदा जातो. वडगावची मुलगी सरावात कधी बरोबर सोडायची, कधी फार लवकर. आणि मला एक कळेना, ते तुम्हाला विचारायचं होतं. ही समजून सोडते की पुन्हा जुन्या भीतीनं अंग चोरते, हे बाहेरून ओळखायचं कसं? दोन्हीत हात सुटलेलाच दिसतो. सामन्याच्या सकाळी मी तिला म्हटलं, "आज बाहेर बसलीस तरी चालंल. मी सगळ्यांना सांगते, डॉक्टर नको म्हणाले." ती बुटाची नाडी बांधत होती. म्हणाली, "बाहेर बसले तर दिवाळीनंतर कुटं जायाचं हाय ते तुमाला म्हाईत हाय, मॅडम." मी तिला डाव्या कोपऱ्यात उभं केलं.

सामना शेवटच्या चढाईवर आला. आम्ही एका गुणानं पुढे. त्यांची उंच मुलगी आली, जिनं दिवसभरात सगळ्यांना घाम फोडला होता तीच. उजवीकडे हूल दिली आणि डावीकडे वळली. वडगावची आणि चौसाळ्याची हात धरून एकत्र पुढे सरकतायत, एकत्र मागे येतायत, समोरचीचा दम मला ऐकू येतोय, कबड्डी कबड्डी कबड्डी, ती पाय उचलते. मग धप्पकन आवाज होतो, दम थांबतो, शिट्टी, आणि मैदानावर एकच गलका. मॅटवर ढीग पडला होता. वडगावची सगळ्यात खाली. एकेक करून मुली उठल्या, शेवटी ती उठली, आणि दोन्ही हात वर केले. दोन्ही. निवड करणाऱ्यांनी संध्याकाळी तिचं नाव सांगितलं. वडलांना फोन केला तर ते म्हणाले, "बरं. मग फुडल्या साली बगू."

परत येताना जीपमध्ये मुली गाऊन गाऊन दमल्या. वडगावची माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, येक इचारू का? शेवटाला मी हात टायमावर सोडला का? का पयल्यासारका भिऊन सोडला? मला कायच आठवंना. आंगानंच केलं. तुमी तर समोरच हुता." चौसाळ्याच्या मुलीला तिनं आधीच विचारलं होतं, तर ती म्हणाली होती, मला तर वाटलं मीच सोडला. मी म्हटलं, "टायमावर सोडलास. अगदी वजन पुढं आल्यावर. मी बघितलं." तिचा चेहरा असा काही मोकळा झाला की काय सांगू. थोड्याच वेळात ती खिडकीला डोकं लावून झोपली, दुखऱ्या खांद्यावर जड बॅग तशीच.

सोमवारी तिचं शिबिर सुरू होतंय. तिथल्या मुली हिच्याहून दुप्पट ताकदीच्या असणार, आणि ही माझ्या शब्दावर विसंबून त्यांच्यासमोर उभी राहणार. कुणीतरी त्या चढाईचा व्हिडिओ काढलाय. मी तो कितीदा लावून पाहिला, पण नेमक्या त्या क्षणी पंचांची पाठ आडवी येते. हे तुमच्याशिवाय कुणाला लिहिणार होते, आणि तुम्हाला तरी कुठल्या पत्त्यावर पाठवू? तरी एकदा कुणालातरी सांगायला हवं होतं. त्या उंच मुलीनं पाय उचलला तेव्हा मी डोळे घट्ट मिटले होते, सर. मी काहीच बघितलं नाही.