लिनआजींना दिलेली शेवंती

१ ऑक्टो. २००४, क्युपर्टिनो
मागच्या अंगणातल्या शेवंतीला अखेर फुलं आली. पांढरी, टपोरी. आईने पुण्याहून फोनवर सांगितलेल्या खतपाण्याचं चीज झालं. उद्या शेजारच्या लिनआजींची सत्तरी. दोन वर्षं झाली, सईला शाळेतून आणतात, खाऊ घालतात, मी ऑफिसातून येईपर्यंत सांभाळतात. आई इथे नाही, हे जाणवू दिलं नाही त्यांनी. पहिली फुलं त्यांनाच.

२ ऑक्टो.
गुच्छ घेऊन गेले. सुनेने, मेयने, दार उघडलं. फुलं पाहून तिचा चेहराच उतरला. थँक यू म्हणाली खरी, पण आत बोलावलं नाही. घरी नवऱ्याला, नि.ला सांगितलं, तर म्हणे, "अगं, घरात पाहुणे असतील. तू पण ना यार!" असतील.

८ ऑक्टो.
आजी आठवडाभर दिसल्या नाहीत. मेयच सईला आणते. सई सांगते, "आजी इज स्लीपिंग." मेयने मागे दिलेली जाडजूड चिनी कादंबरी वाचतेय. इंग्रजीत आहे, पण सासवासुना, पंगती, मानपान, सगळं आपल्याच घरातलं. आज त्यातली थोरली सासू गेली. शवपेटीभोवती पांढरी शेवंती. तिकडे ती मयताचीच!
कपाळावर हात मारला. आपल्याकडे देवाला चालते, वेणीत चालते, म्हणून सत्तरीच्या बाईला वाढदिवशी मी...

९ ऑक्टो.
मेयला गाठलं. आजींना चक्कर येऊन हॉस्पिटलात ठेवलंय, सई घाबरेल म्हणून सांगितलं नव्हतं. फुलांचा विषय न काढताच परतले. इंजिनिअर बाई मी, असलं काही मानत नाही. तरी घरी येऊन देवापुढे दिवा लावला.

१४ ऑक्टो.
आजी घरी आल्या! लाल कागदात बांधलेली संत्री नेली, सगळं कबूल केलं. मेयने चिनीत सांगितलं. आजी खोकला येईपर्यंत हसल्या. त्यांचं उत्तर मेयने सांगितलं, "झाड नीट जगव. माझी वेळ आली की हीच फुलं आण. त्याआधी नको."
निघताना हातात नूडल्सचा डबा. आयुष्य लांबावं म्हणून या न तोडता खायच्या. सईने सुर्रकन ओढल्या. मी रडत रडत खाल्ल्या. परमुलखात आल्यावर आणखी एक आई मिळाली, देवा, फार दिलंस.

२० ऑक्टो. २००७
शेवंती यंदा नुसती लगडलीय. आजी आता काठी टेकत कुंपणापर्यंत येतात, झाडाकडे बघून मान हलवतात, अजून नाही. सई त्यांच्याशी चिनीत भांडते.
आईने फोनवर विचारलं, "फुलं देवाला वाहतेस ना गं?"
हो म्हणाले. एकही तोडलेलं नाही.