संध्याकाळचा डबा

१० जुलै, गुरुवार

दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी दिलेला कागद फ्रिजवर चिकटवला. दोन अंडी, मूग, दही, शेंगदाण्याचा लाडू, दर दोन तासांनी थोडं थोडं. कॅन्सर छातीतला आहे, आईचं पोट तर धड आहे ना? मग वजन टिकलंच पाहिजे! वजन टिकलं तर सहाही केमो वेळेवर होतील, असं डॉक्टर म्हणाले. पहिली झाली. कुरुंद्याचं घर बंद करून आईला इथे हिंगोलीला आणलंय ते त्याचसाठी.

पाचला उठते. तिचं सगळं करून मग शाळा.

आज आषाढ पौर्णिमा. संध्याकाळी खास भुर्जी केली, मऊ भाकरी केली. तिने खाल्ली आणि दहा मिनिटांत सगळं उलटून पडलं — चादरीवर, माझ्या साडीवर. मी बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. दमलेलं माणूस बोलतं काहीतरी.

१४ जुलै, सोमवार

आईने स्वतःहून विषय काढला. "वर्षावास लागला. तीन महिने रोज सांच्याला विहारात वाचन असतं. मला डबा बांधून देत जा, तिथंच खाते. मनकर्णा असती सोबतीला." मनकर्णाकाकू म्हणजे विहाराच्या मागे राहणारी, आईची माहेरची मैत्रीण. एकटीच असते बिचारी.

आमचे हे, भीमराज, एसटी डेपोतून आले की गाडीवर सोडतील. मला बरंच वाटलं. चार बायकांत बसली की दोन घास जास्त जातात.

१५ जुलै

डबा रिकामा! घासून आणलेला!!

२३ जुलै, बुधवार

दुसरी केमो. केस गेले. डबा रिकामा.

३ ऑगस्ट, रविवार

आईचं वजन एक्कावन्नचं साडेअठ्ठेचाळीस. काटाच बिघडलाय की काय म्हणून मी स्वतः उभी राहिले. माझं तर दीड किलो वाढलंय.

हळदीचा बाजार असलेल्या हिंगोलीत राहायचं आणि कॅन्सरवर हळद सांगणारं कोणी भेटायचं नाही, हे शक्यच नाही. शेजारचे देविदासभाऊ म्हणाले, "मॅडम, रोज चमचाभर कच्ची हळद द्या, बराबर फरक पडते." डॉक्टरांना फोन केला. "भाजीत घालता तेवढी पुरे," म्हणाले. घरात हळदीच्या तीन पिशव्या येऊन पडल्यात. फुकटचे वैद्य!

उद्यापासून डब्यात खजूर आणि लाडू वाढवते.

१३ ऑगस्ट, बुधवार

तिसरी केमो. सत्तेचाळीस. डॉक्टरांनी माझ्याकडेच पाहिलं — "खातात ना नीट?" मी मोबाईलमधली यादीच काढली. रोजचं सकाळ-दुपार-संध्याकाळ, फोटोसकट. शाळेच्या तपासणीला दाखवावं तसं सगळं दाखवलं. "उलट्या होतात का?" आई म्हणाली, "न्हाई." मीही मान हलवली. एकदाच तर झाली होती.

आई पंख्याकडे बघत होती.

३ सप्टेंबर, बुधवार

चौथी केमो दिली नाही. हिमोग्लोबिन आठच्या खाली, वजन पंचेचाळीस. "अशा अंगावर औषध सोसणार नाही. पंधरा दिवस थांबू. आधी खायला घाला."

खायला घाला! मी दुसरं करतेय काय?

येताना एसटीत रडले. आईने माझा हात धरला. मी काढून घेतला नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

भाजीबाजारात मनकर्णाकाकू भेटली. गाल कसे भरलेत! हसत हसत म्हणाली, "सपना, सोमवारची मुगाची धिरडी लई झ्याक व्हती. मीठ तेवढं घालत जा बाई."

मला कळेचना. "तुमी खाल्ली?"

"मंग? तुझी माय कुठं बाराच्या पुढं घास घेती? अष्टशील पाळून राहिली ना. रोज डबा मलाच देती. तुला ठाव न्हाई व्हय?"

मेथीची जुडी तिथेच राहिली. काकूचा चेहराही पडला. तिचा काय दोष? तिला वाटलं मीच पाठवते.

६ सप्टेंबर, शनिवार

दोन महिने! पाचला उठून, दर दोन तासांचा हिशेब ठेवून, शेंगदाणे भाजून, सालं काढून मी मनकर्णाकाकूला गुटगुटीत केलं. आणि माझी आई वाळत गेली.

भीमराजना विचारलं. त्यांना माहीत होतं! रोज गाडीवर सोडणारा माणूस. "धम्माचं काम हाय, सपना. त्याईनं शपथ घातली. मी मधात काय बोलू?" माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे. मी रोज रात्री यांना सांगायची, आज डबा रिकामा आला हो! आणि हे "वा" म्हणायचे!

आईला विचारलं, काहून असं केलंस? भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "शील हाय. मोडता येत न्हाई."

केमो गेली तुझी! शील काय करणार आहे? असं ओरडले. शेजारी ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

आज स्वयंपाक केला नाही. इतकं फसवलेलं मला आयुष्यात कोणी नाही. सासरच्यांनीसुद्धा नाही.

७ सप्टेंबर, रविवार

भाद्रपद पौर्णिमा. भांडायलाच विहारात गेले. भंतेजींना वंदन केलं आणि तसंच म्हटलं, आजारी बाईला उपाशी ठेवायचं कोणत्या धम्मात बसतं?

ते शांतपणे म्हणाले, "ताई, आजारी माणसाला मी अष्टशील देत नाही. पद्माबाईंनी मागितलंही नाही. त्या नुसत्या येऊन बसतात."

म्हणजे तेही खोटं. भीमराजशी खोटं, काकूशी खोटं, माझ्याशी तर रोजच. माझी आई — जिने मला एका पेन्सिलीसाठी खोटं बोलले म्हणून पट्टीने मारलं होतं!

८ सप्टेंबर, सोमवार

शाळेतून आले. आई लसूण सोलत बसली होती. मी समोर बसून सोलायला घेतला. तीच बोलली.

"सांच्याचं पोटात ऱ्हातच न्हाई गं. दुपारचं ऱ्हातं. आन् तूच म्हनली व्हतीस ना त्या दिशी — एवढं मरमर करून तुझ्या पोटात घातलं, सगळं मातीत गेलं. म्या म्हनलं, मनकर्णाच्या पोटात तरी ऱ्हाईल."

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, उलटीसाठी साधी गोळी असते, सांगितलं का नाही?

१० जुलैचं पान काढून पाहिलं. ते वाक्य मी तिथे लिहिलेलंच नाही.