एका हशाची विल्हेवाट

मी, टीव्हीच्या विनोदी मालिकांना तीस वर्षे टेपवरचा हशा जोडणारा, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसे कामातून गेली आहेत, डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेले नाही.

१. हे दोन खोल्यांचे घर व त्यातील चीजवस्तू माझ्या एकुलत्या एका मुलीला. माजी जावयाचा त्यावर काडीचाही हक्क नाही. त्याला माझ्या मयतालाही येऊ देऊ नये.

२. टेप कापायचे यंत्र स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाला. त्याने ते वीस वर्षांपूर्वी उसने नेले आहे, तेव्हा न्यायला येण्याची तसदी घेऊ नये.

३. दिग्दर्शिकाबाईंची मी लेखी माफी मागतो. त्या येईपर्यंत आमच्या मालिकेत करपलेला स्वयंपाक आणि विसरलेला वाढदिवस एवढेच चालायचे. बाईंनी पहिल्यांदा नवऱ्याचा मार खाणारी शेजारीण आणली. वरचे साहेब हादरले, बाई हटल्या नाहीत. शेजारीण गालावरचा वळ झाकत म्हणते, "दारावर आपटले." तिथे बाईंना शांतता हवी होती. मी म्हटले, लोक चॅनल बदलतील. आमच्याकडे जो तो दारावर आपटायचा आणि मी हशा टाकायचो. त्याही वेळी, बाईंना न विचारता, टाकला.

४. तो हशा माझ्या बायकोचा होता. माझ्या पहिल्यावहिल्या मालिकेच्या प्रेक्षकांत ती बसली होती. इतके खळखळून कोणी हसत नसे, म्हणून ती गेल्यावरही मी तोच तुकडा वापरत राहिलो. तेवढीच तिची सोबत.

तो भाग लागला त्या संध्याकाळी मुलगी सासरी टीव्हीसमोर होती. तिच्याही गालावर वळ होता. मला तिने दारच सांगितले होते आणि मी पुढे विचारले नव्हते. हशा आला तसा तिचा नवराही हसला. तिचा फोन आला. एवढेच म्हणाली, "बाबा, आई का हसली?"

मी म्हणालो, मालिका आहे गं ती. त्यानंतर ती दोन वर्षे तिथेच मार खात राहिली. सुटली ती स्वतःच्या बळावर. माझ्याकडे आली नाही.

५. तो भाग अजून दुपारी लागतो. लोक त्याला धाडसी म्हणतात. मी चॅनलला अकरा पत्रे लिहिली, तेवढे दोन सेकंद काढा, मी येऊन फुकट काढून देतो. उत्तर नाही. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून मी नेमलेल्या वकीलबाईंनी बारावे पत्र पाठवावे, मग तेरावे. माझ्याच्याने आता होत नाही.

६. कपाटातला निळा डबा फक्त मुलीच्या हाती द्यावा. ती आली नाही तर टाकू नये, थांबावे.

बाळ, त्यात तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. मी ती जुनी टेप शोधून ऐकली. तू चार वर्षांची, आईच्या मांडीवर होतीस. नट दारावर आपटला आणि भर स्टुडिओत तू मोठ्याने विचारलेस, "काकांना लागलं का?" त्यावर आई हसली. तुझे शब्द मीच कापले होते. ते ब्लेड आणि चिकटपट्टीने परत जोडले आहेत.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
तारीख : ३ मार्च, मंगळवार
सही : (वडील)

आमच्यासमोर सही केली :
१. खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला
२. रोज इंजेक्शन द्यायला येणारी नर्स