बर्गनचा चंद्र उशिरा उगवतो

बर्गन, नॉर्वे

तीर्थरूप आईस,
डोंगरावरच्या ओल्या बाकावरून साष्टांग नमस्कार.

ऑफिसचं काम उत्तम झालं. माझ्या प्रेझेंटेशनवर कुणी एकही शंका काढली नाही. आज सुट्टी, म्हणून रुळांवरच्या छोट्या गाडीनं वर आले. खाली बंदराला लागून जुन्या लाकडी घरांची रांग आहे, एकमेकांना टेकून उभी. समुद्र थेट डोंगरांमध्ये शिरलाय. पाऊस आहे, पण आपल्या ऑकलंडची सवय कामी येते.

आज संकष्टी. साखरेमुळे डॉक्टरांनी तुझे उपास बंद केले, म्हणून तुझ्या वाटचा मी धरला. पण इथे जूनमध्ये नीट अंधारच पडत नाही, आणि हॉटेलातल्या बाई म्हणाल्या, चंद्र रात्री एकनंतर. म्हणून मघाशी तुला फोन केला. तू लगेच म्हणालीस, "अगं, इथे आपल्या माउंट रॉस्किलला उगवला की. आत्ताच बघून आले. तू खाऊन घे."

सकाळी साडेदहाला मी खुशाल दालचिनीचा बन खायला घेतला. अर्धा संपल्यावर डोक्यात प्रकाश पडला. संध्याकाळी सहानंतर खिडकीही उघडू न देणारी तू, तिकडच्या रात्री साडेआठला, हिवाळ्याच्या त्या गारठ्यात मागच्या अंगणात कशाला गेली होतीस?

गोळी घेतलीस ना? स्वानंदीला लक्ष ठेवायला सांगितलंय. नात इंग्लिशमध्ये रागावली तरी ऐक.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा मी समोरच बसलेली असेन, त्यामुळे उत्तर जुळवायला तुला वेळ मिळणार नाही.

तुझी,
मृदुला